स्मृतिभ्रंशाचे वेळीच निदान : मेंदूच्या प्रतिमाचित्रणाचा उपयोग आणि आपली जबाबदारी

(जागतिक अल्झायमर दिनानिमित्त २१ सप्टेंबर रोजी रुग्णालयाच्या सभागृहात भरलेल्या मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



आजच्या विषयावर एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाने बोलावे, हे अधिक उचित झाले असते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च, अंदाजपत्रक आणि ताळेबंद यांतच माझी नोकरी गेली. तथापि विश्वस्त मंडळाने आग्रह धरला, त्याला एक कारण आहे. स्मृतिभ्रंश या व्याधीची आणि माझी पहिली गाठ रुग्णकक्षात पडली नाही. ती आपल्या लेखा विभागात, रोकड वहीच्या पानावर पडली. ती हकीगत मी प्रथम सांगतो. ज्यांच्याविषयी ती आहे, त्यांच्या पत्नीची अनुमती मी घेतली आहे. या हकीगतीत जी चूक आहे ती माझी आहे, हेही आरंभीच नमूद करतो.

२००८ सालची ही गोष्ट. आमच्या विभागात एक ज्येष्ठ रोखपाल होते. सारे रुग्णालय त्यांना अण्णा म्हणत असे. मी रुजू झालो तेव्हा तेरीज कशी मांडावी हे महाविद्यालयात शिकून आलो होतो. परंतु तेरीज जुळली नाही तर चूक कोठे शोधावी, हे मला अण्णांनी शिकविले. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली आहे असे समजावे, ही खूण त्यांनीच मला प्रथम सांगितली. पुढे मी बढतीने त्यांचा वरिष्ठ झालो. पण त्यांच्या वागण्यातील जिव्हाळा कमी झाला नाही.

त्या वर्षी त्यांच्या रोकडीत फरक येऊ लागले. पाचशे चाळीसच्या जागी चारशे पन्नास लिहिलेले, एकाच रकमेच्या दोन पावत्या फाडलेल्या, एका रुग्णाची अनामत दुसऱ्याच्या नावे मांडलेली. मी तीन महिन्यांचे कागद तपासले आणि माझ्या मनात संशयाने घर केले. त्यांतील पुष्कळशा फरकांना नऊने भाग जात होता. ज्या खुणेने चूक ओळखावी, ती खूण डोळ्यांसमोर असूनही मला तिच्यात चूक दिसली नाही, अफरातफर दिसली. मी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. पोच म्हणून सही करताना त्यांनी तारीख चुकीची घातली; तीही मी बेपर्वाई म्हणून टिपून ठेवली. ते एक शब्दही बोलले नाहीत.

चार दिवसांनी त्यांच्या पत्नी मला भेटावयास आल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, यांनी पैसे घेतले असते तर घरात कुठंतरी दिसले असते ना? हे रात्री उठून पाढे म्हणत बसतात. सतराच्या पाढ्यात अडतात आणि रडतात." त्या वाक्यानंतर मी कागद बाजूला ठेवले आणि त्यांना आमच्या वैद्यकशास्त्र विभागप्रमुखांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी अण्णांना घड्याळाचे चित्र काढण्यास सांगितले. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, म्हणाले. ज्या हाताने तीस वर्षे रकाने आखले, त्या हाताने बाराही अंक वर्तुळाच्या एकाच बाजूला लिहिले. रक्ताच्या तपासण्या झाल्या. आपल्याकडे त्या काळी एमआरआय नव्हते. म्हणून सीटी स्कॅन येथे झाले आणि एमआरआयसाठी त्यांना दुसऱ्या शहरात पाठविले. सर्व तपासण्यांचा एकत्र विचार करून मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमरचे निदान केले. अण्णांचे वय तेव्हा सत्तावन्न होते. दरम्यान आम्ही साऱ्या पावत्या पुन्हा ताडून पाहिल्या. एकही रुपया कमी भरला नाही. सगळी रक्कम कोठे ना कोठे जमा होती. नोटीस मागे घेतली गेली. परंतु ती देण्यापूर्वीच्या दोन वर्षांत त्यांच्या हातून होणाऱ्या चुका आम्ही सर्वांनी पाहिल्या होत्या आणि "अण्णांचे हल्ली लक्ष नसते" एवढेच म्हणून सोडून दिल्या होत्या.

ही हकीगत सांगण्याचा हेतू असा की, निदानास विलंब होतो तेव्हा केवळ औषधांचा काळ वाया जात नाही. त्या काळात माणसाच्या सचोटीवर, त्याच्या स्वभावावर, त्याच्या संसारावर ठपका बसतो. आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आहे आणि "म्हातारचळ" हा शब्द आहे. दोहोंनी एका व्याधीला वयाचे नाव दिले, आणि वयावर उपाय नाही म्हणून आपण उपाय शोधीत नाही.

या व्याधीचा इतिहासही एका अशाच, वयाने फारशा वृद्ध नसलेल्या रुग्णापासून सुरू होतो. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात एक्कावन्न वर्षांच्या एका स्त्रीला दाखल करण्यात आले. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले प्रश्नोत्तर काळजीपूर्वक लिहून ठेवले. १९०६ साली ती निवर्तली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून डॉक्टरांनी त्यातील विकृती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील सभेत मांडली. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या व्याधीला अल्झायमरचे नाव दिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पुढे कित्येक दशके या व्याधीचा मेंदूतील पुरावा मृत्यूनंतरच पाहता येत होता. जिवंत माणसाच्या कवटीच्या आत डोकावण्याचा सुलभ मार्गच नव्हता. साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड दिसते, मेंदू दिसत नाही.

तो मार्ग १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुला झाला. लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनविलेल्या यंत्रावर एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेण्यात आले. हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते, अभियंते होते, आणि ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत काम करीत होते. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर एमआरआय आले. त्याच्या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल देण्यात आले.

ही यंत्रे काय करतात, हे मला आमच्या क्ष-किरणतज्ज्ञांनी जसे समजावले तसे सांगतो. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण अनेक कोनांतून सोडले जातात आणि संगणक त्यांवरून मेंदूचे पातळ काप चित्ररूपाने उभे करतो. काही मिनिटांत तपासणी संपते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. तेथे एक प्रबळ चुंबक असतो; सर्वसाधारण दीड टेस्लाच्या यंत्राचे बल पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट भरते. शरीरातील पाण्यात जे हायड्रोजनचे अणू आहेत, त्यांच्या प्रतिसादावरून चित्र घडते. त्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो आणि यंत्राचा आवाज मोठा असतो. म्हणून वृद्धांना त्याची पूर्वकल्पना द्यावी लागते. मेंदूचे मऊ भाग मात्र त्यात फार स्पष्ट दिसतात.

आता प्रश्न असा की, स्मृतिभ्रंशाच्या निदानात या चित्रांचा नेमका उपयोग कोणता? माझ्या समजुतीप्रमाणे तो तीन पायऱ्यांचा आहे.

पहिली पायरी, बरा होण्याजोगा आजार शोधण्याची. स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी सर्वच दुखणी स्मृतिभ्रंशाची नसतात. काही महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावाहून एका शेतकरी कुटुंबाने सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना आणले. महिनाभरात ते भ्रमिष्टासारखे वागू लागले होते. नातवाला भावाच्या नावाने हाक मारीत होते. घरच्यांनी वय झाले असे मानून मन घट्ट केले होते. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये साकळलेले रक्त दिसले. दीड महिन्यापूर्वी ओट्याच्या पायरीवरून ते घसरले होते, ते कोणाच्या ध्यानातही राहिले नव्हते. वृद्धांमध्ये अशा किरकोळ मारानेही रक्त सावकाश साचत जाते आणि मेंदूवर दाब आणते. शल्यचिकित्सकांनी कवटीला लहानसे छिद्र पाडून ते काढले. आठव्या दिवशी आजोबांनी नातवाला त्याच्या नावाने हाक मारली.

याच पायरीवर मेंदूतील गाठ दिसू शकते. मेंदूच्या पोकळ्यांत द्रव साचून होणारा विकारही दिसतो. सॉलोमन हकीम आणि रेमंड ॲडम्स यांनी १९६५ साली त्याचे वर्णन केले. त्यात विस्मरणासोबत पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते आणि लघवीवरचा ताबा जातो. योग्य रुग्ण निवडून नळीवाटे हा द्रव पोटात वळविला तर सुधारणा होऊ शकते. यासाठीच अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ साली अशी शिफारस केली की, स्मृतिभ्रंशाच्या प्रथम तपासणीत प्रत्येकाचे एकदा सीटी किंवा एमआरआय करावे, आणि त्याबरोबरच थायरॉइड व ब १२ जीवनसत्त्व यांची तपासणी करून नैराश्य नाही ना हेही पाहावे. आपल्या भागात शाकाहारी ज्येष्ठांमध्ये ब १२ ची कमतरता डॉक्टरांना वारंवार आढळते, आणि ती तपासणी स्कॅनपेक्षा पुष्कळच स्वस्त आहे, हे मी जमाखर्चाच्या माणसाच्या नात्याने आवर्जून सांगतो.

दुसरी पायरी, व्याधीचा प्रकार ओळखण्याची. मेंदूच्या आतल्या बाजूस, कानशिलाच्या पातळीवर, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग आहे. समुद्रघोड्याशी असलेल्या साम्यावरून त्याला हे नाव पडले. नव्या गोष्टी स्मरणात ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते. अल्झायमरमध्ये हा भाग प्रायः लवकर आक्रसतो. १९९२ साली नेदरलँड्समधील फिलिप शेल्टन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आक्रसण्याला शून्यापासून चारपर्यंत गुण देण्याची पद्धत सुचविली; एमआरआयच्या अहवालात आजही आपणांस तिचा उल्लेख आढळेल. रक्तदाब व मधुमेह यांमुळे बारीक रक्तवाहिन्या बंद पडून झालेल्या जखमाही एमआरआयमध्ये दिसतात. तेथे पुढची हानी टाळण्यासाठी रक्तदाब आणि साखर यांचा बंदोबस्त करणे डॉक्टरांच्या हाती असते. मेंदूचा पुढचा भाग आक्रसला असेल तर स्मरणापेक्षा स्वभाव आधी बदलतो. शांत माणूस शिवराळ होतो, काटकसरी माणूस उधळ्या होतो. अशा कुटुंबांना "हा आजार आहे, हा दुर्गुण नाही" हे दाखविण्यास ते चित्र फार उपयोगी पडते.

तिसरी पायरी पेट स्कॅनची. एमआरआय मेंदूची घडण दाखविते. पेट स्कॅन त्याचे चाललेले काम दाखविते. मेंदूच्या पेशी साखरेवर जगतात. किरणोत्सारी खूण जोडलेली साखर अत्यल्प प्रमाणात शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग ती कमी वापरतो हे पाहतात. या द्रव्याची शक्ती सुमारे एकशे दहा मिनिटांत निम्मी होते. ते सायक्लोट्रॉन यंत्रात तयार करून लगोलग वापरावे लागते. भारतात वैद्यकीय उपयोगाचा पहिला सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळ येथे सुरू झाला. ही सोय आज बऱ्याच मोठ्या शहरांत आहे, पण लहान गावाच्या रुग्णाला तिच्यापर्यंत जावे लागते. याच तंत्राने मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिनही पाहता येते. पिट्सबर्ग येथे विकसित झालेले तसे पहिले द्रव्य २००२ साली स्वीडनमधील उप्साला येथे प्रथम एका रुग्णात वापरण्यात आले, आणि २०१२ साली अमेरिकेत अशा तपासणीस व्यापारी मान्यता मिळाली. हे प्रथिन लक्षणे दिसण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही आधी साचू लागते, असे आता मानले जाते.

येथवर ऐकून आपल्यापैकी एखाद्यास वाटेल की, मग पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने हे चित्र काढून घ्यावे. दोन वर्षांपूर्वी "स्मृती तपासणी पॅकेज" या नावाने अशी योजना जाहीर करावी, असा प्रस्ताव आमच्याकडे आला होता. उत्पन्नाचा तक्ता मीच तयार केला आणि तो आकर्षक होता, हे मी लपवीत नाही. आमच्या डॉक्टरांनी तो नाकारला, विश्वस्त मंडळाने त्यांची बाजू घेतली, आणि आज मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते.

त्यांचा पहिला मुद्दा असा की, चित्र आणि आजार या एक गोष्टी नव्हेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात, ज्यांची स्मृती व बुद्धी शाबूत आहे अशा व्यक्तींपैकी वयाच्या पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांत अमायलॉइडची खूण आढळली. ही माणसे आपापले व्यवहार नीट करीत होती. त्यांच्या हाती हा अहवाल देऊन आपण त्यांना भय देतो. उपचार देत नाही. दुसरा मुद्दा याच्या उलट आहे. व्याधीच्या आरंभी एमआरआय निर्दोषही येऊ शकते. तो कागद पाहून घरचे निर्धास्त होतात आणि आणखी दोन वर्षे जातात. वयानुसार सर्वांचाच मेंदू थोडाफार आक्रसतो, हा तिसरा मुद्दा. तेव्हा लक्षणे, घरच्यांचे कथन, स्मृतीच्या चाचण्या आणि रक्ततपासणी यांच्या जोडीनेच चित्राचा अर्थ लागतो. अण्णांच्या बाबतीतही निदानाची पहिली ओळ त्यांच्या पत्नीने उच्चारली होती. चित्राने तिच्यावर साक्ष दिली.

मग उपचार काय, हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतो. गेलेली स्मृती परत आणणारे औषध आजही नाही. लक्षणांना काही काळ आवर घालणारी औषधे आहेत. अमेरिकेत २०२३ साली लेकानेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब या औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. ती आरंभीच्या अवस्थेतच उपयोगी पडतात. लेकानेमॅबच्या चाचणीत अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. ऱ्हास थांबला नाही. ही औषधे देण्यापूर्वी अमायलॉइड असल्याची खात्री करावी लागते आणि उपचार चालू असताना मेंदूला सूज वा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहण्यासाठी पुनःपुन्हा एमआरआय करावे लागते. मे २०२५ मध्ये अमेरिकेत लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी पहिल्या रक्तचाचणीस मान्यता मिळाली आहे. अशा चाचण्या आपल्याकडे सुलभ झाल्या, तर पेट स्कॅनसाठी शहर गाठण्याची अनेकांची यातायात वाचू शकेल.

परंतु वेळीच निदान होण्याचा जो लाभ आजही प्रत्येक कुटुंबाला मिळू शकतो, तो औषधाच्या दुकानात नाही. तो लाभ अवधीचा आहे. या ठिकाणी माझ्या विषयातील दोन गोष्टी सांगतो. मृत्युपत्र करणारी व्यक्ती ते करतेवेळी स्वस्थ मनाची असली पाहिजे, असे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम सांगतो. १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकलमन झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. वडिलांनी कुलमुखत्यारपत्र लिहून दिले आहे, आता चिंता नाही, असे समजणारी अनेक मुले नेमक्या गरजेच्या वेळी अडचणीत येतात आणि त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागते. निदान लवकर झाले तर रुग्ण स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या सहीने मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन, संयुक्त खाते आणि शेतीची कागदपत्रे मार्गी लावू शकतो. पुढे आपली शुश्रूषा कोणी आणि कशी करावी, हेही तो सांगू शकतो. हा त्याचा हक्क आहे आणि तो बजावण्याची मुदत रोज कमी होत असते.

येथे उपस्थित असलेल्या कुटुंबीयांना आमच्या मेमरी क्लिनिकच्या वतीने काही सूचना कराव्याशा वाटतात. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे सर्वांच्याच वाट्याला येते. परिचयाच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न तासात चार वेळा विचारणे, आमटीचा क्रम चुकणे, सुट्या पैशांचा हिशेब न जमणे, ही लक्षणे वेगळी आहेत. अशा प्रसंगांची तारीखवार नोंद साध्या वहीत ठेवावी; आमच्या डॉक्टरांना ती वही स्कॅनइतकीच मोलाची वाटते. चालू असलेली सर्व औषधे आणि जुनी चित्रे बरोबर आणावीत. श्रवणयंत्र व चष्मा विसरू नये, कारण ऐकू न आल्यामुळे दिलेले चुकीचे उत्तर विस्मरण समजले जाते. एमआरआयपूर्वी हृदयात पेसमेकर अथवा शरीरात धातूचे काही बसविलेले असल्यास अवश्य सांगावे. आमच्याकडील अनेक आजी मंगळसूत्र उतरवावयास तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी आमच्या परिचारिका हळदीचा दोरा जवळ ठेवतात, तो गळ्यात बांधतात आणि मग मंगळसूत्र सुनेच्या हाती देतात. ही युक्ती एका परिचारिकेनेच काढली, आणि तिच्यामुळे कित्येक तपासण्या विनातक्रार पार पडल्या.

आता विश्वस्त आणि देणगीदार यांच्याशी थोडे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. धर्मादाय रुग्णालय म्हणून आपण निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवतो. परंतु आरंभीच्या अवस्थेतील स्मृतिभ्रंशाचा रुग्ण खाटेवर नसतो. तो आपल्या पायांनी, पत्नीचा हात धरून, बाह्यरुग्ण विभागात येतो. त्याला तपासणीची गरज असते, सल्ल्याची गरज असते, आणि बहुधा त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला कोणीतरी शांतपणे ऐकून घेण्याची गरज असते.

ताळेबंदात यंत्र मत्तेच्या बाजूला दिसते. त्यावर दरवर्षी घसारा काढला जातो, तरी त्याचे मोल कागदावर राहते. त्याच्या दालनावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, आणि ती आपण कृतज्ञतेने लावली आहे. समाजसेविका एखाद्या मुलाला तासभर समजावून सांगते की आई मुद्दाम त्रास देत नाही, तो तास मात्र खर्चाच्या बाजूला पडतो आणि वर्षअखेर नाहीसा होतो. त्यावर पाटी कोठे लावावी, हे मला ठाऊक नाही. तरीही इतक्या वर्षांच्या हिशेबानंतर माझे मत असे झाले आहे की, तो तास नसेल तर यंत्राने काढलेले चित्र पाकिटात घालून घरी नेले जाते आणि कपाटात पडून राहते. म्हणून यंदा आपण तीन कामांसाठी साहाय्य मागत आहोत : ज्यांना परवडत नाही त्यांच्या स्कॅनमध्ये सवलत, गरजू रुग्णास पेट स्कॅनसाठी शहरात नेण्याआणण्याचा खर्च, आणि दर गुरुवारच्या मेमरी क्लिनिकसाठी पूर्णवेळ समाजसेविकेचे वेतन. तिसरे काम सर्वांत कमी आकर्षक आहे. माझी विनंती प्रथम त्यासाठी आहे.

अण्णांविषयी शेवटचे सांगून थांबतो. निदानानंतर त्यांना रोखीच्या कामातून मोकळे करून, निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने वाचनालयाच्या टेबलावर बसविण्यात आले. त्यांचे निवृत्तिवेतन, बँकेचे खाते आणि घराचे कागद यांची व्यवस्था त्यांनी स्वतः सह्या करून लावली; तेव्हा त्यांची सही अजून त्यांचीच होती. निरोपसमारंभात मी सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागितली. त्यांना नोटिशीचे पूर्ण स्मरण होते की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझा हात हाती घेतला आणि विचारले, "जुळली का तेरीज?" मी म्हणालो, "जुळली, अण्णा." २०१७ साली ते गेले. त्यांच्या पत्नी दर गुरुवारी आमच्या क्लिनिकच्या बाकावर येऊन बसतात आणि नव्याने आलेल्या कुटुंबांशी बोलतात. आजही त्या या सभागृहात आहेत.

दोन वर्षे आधी त्यांची तपासणी झाली असती, तर त्यांचा आजार टळला नसता. माझी नोटीस मात्र टळली असती. तेवढी दोन वर्षे इतर कोणाची वाया जाऊ नयेत, यासाठी आपले साहाय्य लाभावे, ही नम्र प्रार्थना.